शनिवारचं दूध

वानखडे सरांना किती वाजले असं विचारायची सोय नव्हती. मनगटाला घड्याळ नाही, आणि समोर भिंतीवर हे एवढं मोठं टांगलेलं असलं तरी उत्तर ठरलेलं, "साडेअकरा ते बारा." मी सदाशिव पेठेत वाढलेली. आमच्याकडे पावणेचारला कुणी बेल वाजवली तर चार वाजेपर्यंत त्याला दार उघडत नाहीत. त्यामुळे पहिली दोन वर्षं माझं आणि सरांचं जमणं शक्यच नव्हतं. "सर, मीटिंगला कधी येताय?" "तीन ते चार." "सर, रिक्षा खाली थांबलीय हो!" "आलोच. पाच ते पंधरा मिनिटांत."

आणि गंमत बघा, या माणसाचा धंदा काय, तर वेळ सांगणं. तेही मेलेल्या माणसाची.

सर एका मेडिकल कॉलेजात न्यायवैद्यक विभागाचे प्रमुख होते. मी तिथे बायोकेमिस्ट म्हणून लागले. हिंजवडीत तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, माझ्या बरोबरीच्या मुली कॉम्प्युटरचे कोर्स करून तिकडे जात होत्या, आणि मी शवागाराच्या शेजारच्या खोलीत बाटल्या धूत होते. घरी 'लॅबमध्ये काम आहे' एवढंच सांगितलं होतं. कसली लॅब ते आईला कळलं, तेव्हा तिने दारातच माझ्यावर पाणी शिंपडलं आणि मग आत घेतलं.

सर मूळचे अमरावतीकडचे. पुण्यात पंचवीसेक वर्षं काढूनही त्यांची भाषा मुठेच्या पाण्याला बधली नाही. कोर्टात आणि वर्गात छापील मराठी बोलत; पण मनापासून काही म्हणायचं झालं की गाडी वऱ्हाडात शिरायची. आमटीतला गूळ त्यांना शेवटपर्यंत पचला नाही. "काहून इतकं गोड खाता बाप्पा तुम्ही? आणि गोड खाऊन इतकं तिखट कसं बोलता?" पुणेरी पाट्यांवर तर त्यांचा दात होता. कुठे नवी पाटी दिसली की दुसऱ्या दिवशी मला ऐकवत, जणू ती मीच लावली होती. "जोगबाई, काल एका दारावर लिहिलेलं वाचलं, 'बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही.' अरे, माणूस आलाय दाराशी, त्याले आधी पाणी तरी विचारा!"

लग्न केलं नव्हतं. का, असं विचारलं तर "वेळ चुकली" म्हणत आणि हसत. धायरीला दोन खोल्यांचा फ्लॅट घेऊन एकटेच राहत. अमरावतीला एक बहीण होती. ती संत्र्यांच्या हंगामात पेटी पाठवायची, आणि मग विभागात जो येईल त्याच्या हातात संत्रं पडायचं. फौजदार असो, वकील असो, रडत आलेला नातेवाईक असो. आधी संत्रं, मग बोलणं.

सरांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. टेबलावर एक म्हातारे गृहस्थ होते. सर त्यांच्या डोक्याशी उभे राहिले आणि म्हणाले, "आजोबा, थोडं टोचतो हं." मला वाटलं, झालं, हा माणूस कामातून गेलेला आहे. मग त्यांनी बारीक सुई डोळ्याच्या कडेतून आत घातली आणि आतला द्रव इतका सावकाश ओढायला सुरुवात केली, की माझाच पाय मुंग्या येऊन बधिर झाला. "घाई केली की आतल्या पेशी फाटतात आणि डोळा खोटं बोलतो," ते म्हणाले. द्रव काढून झाल्यावर तेवढंच सलाइन त्यांनी परत आत भरलं. हे कशाला, असं मी विचारलं. "घरचे शेवटचा चेहरा बघतील ना. डोळा खोल गेलेला दिसला तर जन्मभर तोच आठवत राहील."

त्या दिवशी माझं मत बदललं. वेळेच्या बाबतीत नाही, माणसाच्या बाबतीत.

त्यांनीच मला ते शास्त्र समजावलं, तेही संत्रं सोलता सोलता. माणूस जातो, पण शरीर काही एकदम जात नाही. जिवंतपणी प्रत्येक पेशी पोटॅशियम आत कोंडून ठेवत असते. माणूस गेला की राखण संपली. मग ते हळूहळू बाहेर झिरपायला लागतं. रक्तात लवकरच सगळी भेसळ होते. पण डोळ्याच्या आतला तो काचेसारखा द्रव बंद डबीत असतो, तिथे बाहेरचं काही पटकन पोचत नाही. त्यात किती पोटॅशियम उतरलं ते मोजायचं आणि मागे मागे हिशोब करत जायचं. "पण लक्षात ठेवा," सर म्हणाले, "हे घड्याळ नाही. उन्हाळ्यात पळतं, थंडीत रेंगाळतं, आणि जितके दिवस जास्त तितकं जास्त चुकतं. म्हणून आपण 'पासून' आणि 'पर्यंत' सांगायचं. मधलं सांगायचं नाही."

या 'पासून-पर्यंत'ने पोलीस जेरीस यायचे. एकदा कोर्टात त्यांच्याबरोबर मी गेले होते. वकील चांगले रुबाबदार, आवाज खणखणीत. "डॉक्टरसाहेब, एवढी यंत्रं आहेत, एवढा तुमचा अनुभव, आणि नेमकी वेळ सांगता येत नाही?"

"नाही."

"का सांगता येत नाही?"

"कारण मला येत नाही."

वकील फाइल मिटून खाली बसले. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "सर, जरा गोड बोलला असतात तर काय बिघडलं असतं?" तर म्हणे, "नेमकं खोटं बोलण्यापेक्षा ढोबळ खरं बरं, जोगबाई. ढोबळ खऱ्यावर माणूस झोपू शकतो." मला तेव्हा ते नुसतं वाक्य वाटलं. त्याचा अर्थ मेधा आली तेव्हा कळला.

डिसेंबर होता, पुण्यातली ती हाडात शिरणारी थंडी. सोमवारी कर्वेनगरातून एक शव आलं. निवृत्त शिक्षक, पत्नी आधीच वारलेली, तिसऱ्या मजल्यावर एकटे राहत. शेजारच्या लिमयेकाकू नाशिकच्या लग्नाहून सकाळी परतल्या, तर यांच्या दाराला टांगलेल्या कापडी पिशवीत रविवारचं आणि सोमवारचं दूध तसंच. बेल वाजवली, दार ठोठावलं, शेवटी मुलीला फोन केला आणि दार फोडलं. गृहस्थ खुर्चीत बसलेले, अंगावर शाल. हृदयविकार, त्यात शंका नव्हती. माणूस एकटा सापडला म्हणून रीतीप्रमाणे आमच्याकडे आणलं, एवढंच.

दोन दिवसांनी त्यांची मुलगी आली. मेधा. राहायची वारज्याला, नोकरी हिंजवडीतल्या एका कंपनीत. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच लटकत होतं, डोळे सुजून लाल. सरांनी संत्रं दिलं, ते तिने मुठीत धरून ठेवलं.

"सर, मला एकच सांगा. बाबा शनिवारी दुपारी जिवंत होते का?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. शुक्रवारी संध्याकाळी ती बाबांशी फोनवर बोलली होती. शनिवारी दुपारी ती त्यांच्याकडे जेवायला जायची होती. दर शनिवारी जायची. त्या शनिवारी ऑफिसात कामाची घाई होती, म्हणून गेली नाही. फोन केला तो उचलला गेला नाही. तिला वाटलं, बाबा वाचनालयात गेले असतील. रविवारीही कामच. आणि आता घरात आत्यापासून सगळे एकच म्हणत होते: शनिवारचं दूध पिशवीत नव्हतं, म्हणजे शनिवारी सकाळी ते उठले होते, दूध आत घेतलं होतं. त्यानंतर केव्हातरी झटका आला. मग ते किती वेळ त्या खुर्चीत तसेच बसून होते? अमेरिकेतल्या भावाने तर फोनवर स्पष्टच विचारलं होतं, "तू शनिवारी गेली असतीस तर?"

"मी नीट सांगते सर," मेधा म्हणाली. "मला रिपोर्ट नकोय. मला फक्त ते किती वेळ वाट बघत होते ते कळायला हवंय. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नाहीये हो."

तिला बाहेर बसवून सर माझ्याकडे आले. दोन्ही डोळ्यांचे आकडे मीच काढले होते. त्यांचा हिशोब शुक्रवार दुपार ते शनिवार पहाट असा येत होता. फोन शुक्रवारी संध्याकाळी झालेला, म्हणजे शुक्रवार रात्र. आणि दूध म्हणत होतं, शनिवार सकाळ.

सर आधी स्वतःवर उलटले, हा त्यांचा स्वभाव. "मोजणी पुन्हा करा." केली. आकडा तोच. उन्हाळा असता तर म्हणता आलं असतं की उकाड्याने पोटॅशियम लवकर झिरपलं. पण ही थंडी! थंडीत ते रेंगाळतं. म्हणजे फरक पडलाच तर मरण आणखी आधी जाईल, नंतर नाही. "आपलं पाणी एक बोलून राहिलं आणि दूध दुसरं," सर डोकं खाजवत म्हणाले. "दोघांपैकी एक चुकतंय."

मला त्या मुलीचे हाल बघवत नव्हते. मी म्हटलं, "सर, सांगून टाका ना, शुक्रवारी रात्रीच गेले म्हणून. दूध गेलं खड्ड्यात. पोरीचा जीव तरी भांड्यात पडेल."

"आणि उद्या तिला वाटलं की म्हाताऱ्याने दया केली, मग?" सर म्हणाले. "दूध तर तिच्या डोक्यात राहणारच ना? दयेनं सांगितलेलं टिकत नाही, जोगबाई. त्या दुधाचा निकाल लावला पाहिजे."

त्यांनी मेधाला आत बोलावलं आणि विचारलं काय, तर, "तुमचे बाबा सकाळी दूध आत घेतल्यावर काय करत? सगळं सांगा. अगदी बारीकसारीक."

ती गोंधळलीच. पण सांगायला लागली, आणि सांगता सांगता तिचा आवाज जरा सुटला. बाबा दूध लगेच तापवायचे. दुधाची रिकामी प्लॅस्टिकची पिशवी कापून, उलटी करून, साबणाने धुवायचे आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या दोरीला चिमटा लावून वाळत घालायचे. आठवड्याच्या साठल्या की शनिवारी मेधा आल्यावर तिच्याकडे मोजून द्यायचे, वारज्याच्या भंगारवाल्याकडे द्यायला. "मी इतकी चिडायचे सर! म्हणायचे, बाबा, मी इंजिनियर आहे, माझ्या पर्समध्ये दुधाच्या पिशव्या!" आणि ती हसली आणि तशीच हमसून रडायला लागली.

सर उठलेच. "शनिवारची पिशवी दोरीवर आहे का बघू. चला."

कर्वेनगरच्या त्या घरात दार फोडल्यानंतर कुणी काही हलवलं नव्हतं. मेधा उंबऱ्यातच थबकली, मग मी तिचा हात धरून आत नेलं. स्वयंपाकघरात दोरीवर पिशव्या ओळीने टांगलेल्या, परिटाच्या दोरीवरच्या कपड्यांसारख्या. प्रत्येकीवर वार छापलेला. शेवटची शुक्रवारची. त्यापुढे मोकळा चिमटा.

सरांनी फ्रीज उघडला, केराची बादली पाहिली, ओट्याखाली वाकून पाहिलं. शनिवारची पिशवी त्या घरात आलेलीच नव्हती.

एवढ्यात "कोण आहे?" करत लिमयेकाकू आल्या. साठीच्या, नऊवारीतल्या, चेहऱ्यावर काळजी. आम्हाला बघून म्हणाल्या, "मेधा, बाळ, पाहुण्यांना घेऊन ये गं, चहा टाकते." आम्ही त्यांच्याकडे गेलो. चहा आला. सरांनी तो बशीत ओतला, फुंकर मारली आणि अगदी सहज म्हणाले, "आमची माय अशीच होती. अमरावतीले शेजारच्या दारात दूध दिसलं की उचलून घरात आणून ठेवायची. मांजर फाडेल म्हणून. शेजारीण उठली की देऊन टाकायची. मोठी जीव लावणारी बाई."

लिमयेकाकूंनी हातातली कपबशी खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला.

"मीच घेतलं हो," त्या म्हणाल्या. "शनिवारी नऊ वाजून गेले तरी दूध दारात. मला वाटलं, शुक्रवारीच रात्री लेकीकडे गेले असतील, जायचे ना कधी कधी. मांजर घोटाळत होतं. म्हटलं ठेवू आपल्या फ्रीजमध्ये, आल्यावर देऊ. तेवढ्यात आमच्याकडे नाशिकला न्यायला माणसं आली, चहाला दूध कमी पडलं आणि मी ते... वापरलं. सोमवारी नवं देणारच होते. आणि मग इथे सगळे म्हणायला लागले, शनिवारचं दूध त्यांनी घेतलं, शनिवारचं दूध त्यांनी घेतलं. माझी जीभच रेटेना. मेलेल्या माणसाच्या दुधाचा चहा केला मी! बेल वाजवायची सोडून दूध उचललं! कुठल्या तोंडाने सांगू?"

मला वाटलं, आता मेधा काय बोलेल देव जाणे. आमच्या घरातलं कुणी असतं तर काकूंना तिथल्या तिथे उभं-आडवं घेतलं असतं. पण ती उठली आणि काकूंच्या गळ्यात पडली. "बरं झालं काकू, तुम्ही घेतलंत," ती रडत म्हणाली. "वाया गेलेलं बाबांना आवडलं नसतं." मग दोघी मिळून इतक्या रडल्या, की मीसुद्धा रुमाल काढला. मी रडत नाही सहसा.

जिन्यात मेधाने सरांना विचारलं, "म्हणजे नक्की ना सर? शुक्रवारी रात्रीच?"

तिथेही सर आपल्या वळणावर गेलेच. "नक्की हा शब्द माझ्यापाशी नाही पोरी. शुक्रवारी तुझा फोन झाला तेव्हापासून शनिवारी पहाटेपर्यंत. त्याच्यात केव्हा ते मले माहीत नाही. पण शनिवारी दुपारी तू आली असतीस तर दार उघडणारं कोणी नव्हतं. तुझी वाट पाहणारंही कोणी नव्हतं. हे मी कोर्टात शपथेवर सांगीन."

सरांनी दिलेलं संत्रं तिने इतका वेळ पर्समध्ये ठेवलं होतं. ते तिने तिथेच, जिन्याच्या पायरीवर बसून सोललं आणि सगळं खाल्लं. सर खालच्या पायरीवर उभे राहून बघत होते. एवढा खूश माणूस मी त्याआधी शवविच्छेदनाच्या कामावर कधी पाहिला नव्हता.

मेधा सुटली नाही आमच्या हातून. चांगल्या अर्थाने. तीन-चार महिन्यांनी एका शनिवारी लॅपटॉप घेऊन आली आणि सरांचे सगळे कोष्टक-हिशोब कॉम्प्युटरवर बसवून देते म्हणाली. देतानाच तिने गडबड केली: पोटॅशियमचा आकडा टाकला की पडद्यावर तास, मिनिटं, सेकंदसुद्धा यायची. सर कडाडले, "हे सेकंद कायले? यमाचं बिल काढायचंय का? काढ ते!" शेवटी पडद्यावर दोनच वेळा उमटू लागल्या, 'पासून' आणि 'पर्यंत'. कॉम्प्युटरलाही सरांनी आपल्यासारखं करून ठेवलं. पुढे सर निवृत्त झाले तरी मेधाचं शनिवारचं येणं चालूच राहिलं, फक्त आता वारज्याहून धायरीला. जाताना डबा न्यायची. आमटीत गूळ न घालता.

शेवटची दोन वर्षं सर बहिणीकडे अमरावतीला होते. तिथेच गेले; भरल्या घरात, भाचे-नातवंडं उशापायथ्याशी. केव्हा गेले, हे कुणाला मोजून सांगावं लागलं नाही. पण मला ते आठवतात ते धायरीतले, अमरावतीला जायच्या थोडं आधीचे.

मी त्यांना भेटायला गेले होते. सकाळचे दहा वाजून गेलेले. जिना चढून वर आले, तर दाराला कापडी पिशवी, आणि पिशवीत दूध. तसंच. त्याच्यावर, दाराच्या चौकटीला, सरांच्या त्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरातली पाटी. जन्मभर पुणेरी पाट्यांना नावं ठेवणाऱ्या माणसाची पाटी!

'दूध दारात दिसल्यास उचलू नये. बेल वाजवावी. दार उघडेपर्यंत वाजवावी.'

मी बेलवर बोट ठेवलं आणि काढलंच नाही. समोरच्या फ्लॅटचं दार उघडलं, एक बाई लाटणं हातात घेऊन बाहेर आल्या. "मी पण आत्ताच वाजवली हो, पोळी करपायला लागली म्हणून आत गेले!" वरच्या मजल्यावरून कुणी ओरडून विचारलं, "काकांनी उघडलं का?" आणि तेवढ्यात आतून कडी निघाली. दारात सर. केस उभे, अंगावर स्वेटर उलटा, डोळ्यांवर झोप.

"अहो सर! काय हे! दूध बाहेर..."

"काल क्रिकेटची म्याच पाहत बसलो, उशीर झाला झोपायला," सर डोळे चोळत म्हणाले. मग माझ्याकडे, लाटणंवाल्या बाईंकडे, वर कठड्यावरून डोकावणाऱ्या डोक्यांकडे त्यांनी एकवार पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "सकाळपासून झोपेतच ऐकून राहिलो, चौथी बेल ही. मरू देत नाहीत बाप्पा हे पुण्याचे लोक!"

आणि पिशवीतलं दूध उचलून ते चहा टाकायला आत गेले.